निळी झाक

चपला काठावरच काढून ठेवा. पुढं चिखल आहे. साल धरा 1645 च्या आसपासचं. समोरची नदी कृष्णा. महाबळेश्वरला उगम पावते, वाईच्या घाटावर आणि सांगलीच्या पुलाखाली तुम्ही पाहिलेली, तीच. इथं कोल्लूरला पोचेपर्यंत मात्र ती पार तेलुगू मुलखात आली आहे, आणि राज्य आहे गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाचं. ही जागा मनात नीट साठवून घ्या, कारण तुमच्या काळात ती पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली असणार आहे.

शंभरेक वर्षांपूर्वी एक गरीब माणूस इथं भरड धान्य पेरायला जमीन खणत होता आणि त्याला पंचवीसेक कॅरेटचा टोकदार खडा सापडला, अशी गोष्ट खाणीवर सांगतात. आता नजर जाईल तिथवर खड्डे आहेत. झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच सुमाराला इथं येऊन गेला. त्यानं इथं राबणाऱ्यांचा आकडा साठ हजार असा लिहून ठेवला आहे. प्रवाशाच्या वहीतला आकडा थोडा फुगलेला असायचाच. पण माणसं मोजायला तुम्ही उभे राहाल तर संध्याकाळ होईल, एवढं खरं.

पुरुष खणतात, बायका आणि पोरं माती वाहतात. माती येऊन पडते ती दोन फूट उंचीच्या भिंतींच्या एका अंगणात. भिंतींच्या बुडाशी भोकं ठेवलेली असतात, ती आधी बुजवायची, मग मातीवर पाणी ओतायचं. माती भिजून तिचा रेंदा झाला की भोकं उघडायची. गाळ वाहून जातो, वाळू मागं राहते. ती उन्हात वाळवायची, सुपांनी पाखडायची, उरलेली ढेकळं लाकडी मुसळांनी फोडायची, पुन्हा पाखडायची आणि मग ओळीनं बसून हातानं वेचायची. तुमच्या आजीला यातलं एकही काम शिकवावं लागलं नसतं.

शेजारची बाई वेचता वेचता मान वर करत नाही, कारण मागं पहारेकरी उभा आहे. पन्नास मजुरांमागं बारा-पंधरा पहारेकरी असतात. मालकांना भीती वाटते ती काही उगाच नव्हे. हिरा गिळणारे आहेत. एकानं तर डोळ्याच्या कोपऱ्यात खडा दडवला होता, असं ताव्हेर्निएच लिहितो. आणि का दडवू नये? कामात मुरलेल्या माणसाला वर्षाला मिळतात तीन होन. मोठा खडा सापडला तर मालकाकडून डोईला बांधायला एक कापड आणि वर थोडे पैसे किंवा तांदूळ-साखर. प्रत्येक सौद्यावर शंभरामागं दोन सुलतानाचे.

इथं फार थांबू नका, ऊन वाईट आहे. पश्चिमेला रामल्लकोट्याच्या बाजारात चला. हा विजापूरच्या आदिलशाहीचा मुलूख. हीच आदिलशाही, जिच्या चाकरीत शहाजीराजे या घडीला बंगळुरात आहेत. चौकात झाडाखाली दहा ते पंधरा-सोळा वर्षांची मुलं बसलेली दिसतात. खेळत नाहीयेत ती, पेढीवर बसली आहेत. प्रत्येकाच्या कमरेला एका बाजूला हिरे तोलायच्या वजनांची पिशवी आणि दुसऱ्या बाजूला होनांची थैली. कुणी हिरा विकायला आला की तो सगळ्यांत थोरल्या मुलाच्या हातात देतो, मग हातोहात तो सगळ्यांकडून फिरतो. कुणी एक शब्द बोलत नाही. खडा फिरून थोरल्याकडं परत आला की तो भाव विचारतो. दिवसभराची खरेदी संध्याकाळी मोठ्या व्यापाऱ्यांना विकायची, नफा वाटून घ्यायचा, थोरल्याला शेकडा पाव जास्त. पारख शिकवणारी याहून चांगली शाळा मला तरी ठाऊक नाही.

पलीकडं दोन मोठे व्यापारी मांडी घालून समोरासमोर बसलेत. हात कमरेच्या शेल्याखाली. आपल्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली सौदा होताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना समजावून सांगायला नको. अख्खा पंजा धरला की हजार. जितक्या वेळा दाबला तितके हजार. एक बोट म्हणजे शंभर, बोटाचं मधलं पेर धरलं तर पन्नास, नुसतं शेंड्याचं पेर धरलं तर दहा. भोवती गर्दी आहे, पण किती होनांना गेला ते त्या दोघांखेरीज कुणाला कळत नाही.

आता घरघर ऐकू येते त्या खोपटात शिरा. इथं हिऱ्याला पैलू पाडतात. आपल्या जेवणाच्या ताटलीएवढं पोलादी चाक गरागरा फिरतंय. एका चाकावर एकच हिरा. कारागीर आधी त्यावर सारखं पाणी सोडत राहतो, कारण खड्याच्या अंगचा कल कुठल्या दिशेला आहे ते त्याला शोधायचंय. तो सापडला की पाणी बंद. मग तेल ओततो आणि त्यात हिऱ्याचीच पूड टाकतो, सढळ हातानं. हिऱ्याला घासायला हिराच लागतो. वरून मणामणाचं वजन लादलेलं.

तेलावरून एक सांगून टाकतो. हिऱ्याच्या पृष्ठभागाला पाण्याशी फारसं देणंघेणं नसतं, तेल मात्र तो लगेच धरतो. पुढं दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला याच गुणावर चरबी फासलेले फळे केले. त्यांवरून दगडमाती पाण्यासोबत सोडायची, बाकी सगळं वाहून जायचं, हिरे चिकटून राहायचे. तुमच्या बोटातली अंगठी दिवाळीला घेतली तेव्हा चमकत होती आणि संक्रांतीला मंद झाली, त्याचं कारण हेच. हिरा झिजलेला नसतो. फोडणीचं तेल, अंगाचं तेल, क्रीम, सगळं खड्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसलेलं असतं. कोमट पाणी, रिठा किंवा साधा साबण, मऊ ब्रश, आणि घासायचं ते मागून. पण बंद कोंदणातल्या जुन्या दागिन्याला ही आंघोळ घालू नका. त्याच्या खड्यामागं तकाकीसाठी डाक, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा, बसवलेला असतो; पाणी आत शिरलं की तो काळा पडतो आणि मग सराफही हात वर करतो. असा दागिना कोरड्या फडक्यानं पुसायचा. मोत्यांचंही तेच.

चाकाजवळचा कारागीर तुमच्याकडं पाहत नाही, पण त्याची एक रीत पाहून घ्या. खडा निर्मळ असेल तर तो वरून-खालून नुसता चाकाला लावतो आणि सोडून देतो. आकार देण्याच्या नादात वजन कमी होईल ही भीती. डाग असला, काळा ठिपका असला, तर मात्र अंगभर पैलू पाडतो, म्हणजे दोष नजरेला पडत नाही. पॅरिसचे लोक या कामाला ओबडधोबड म्हणतील. म्हणू देत. वजनानं विकला जाणारा माल कमी का करायचा, याचं उत्तर त्यांच्याकडंही नाही.

रात्र झाली तरी बाजार मिटत नाही. व्यापाऱ्याच्या घरात भिंतीला फूटभर चौरस कोनाडा आहे, त्यात जाड वातीचा दिवा. त्या उजेडात खडा चिमटीत धरून तो पाणी पाहतो, दोष पाहतो. युरोपातले लोक हीच पारख दिवसाउजेडी करतात. पण एक दोष दिव्याखाली धड कळत नाही, आणि या बाजाराला सगळ्यांत जास्त धास्ती त्याचीच आहे: निळी झाक. आभाळी पाणी म्हणतात, आणि ते सगळ्यांत वाईट समजतात. ते ओळखायची खात्रीची जागा म्हणजे दाट पानांचं झाड. सकाळी त्या झाडाखाली जा, हिरव्या सावलीत खडा धरा, निळेपण लपत नाही. तुमच्यादेखत एक दलाल असा खडा पुडीत परत बांधतो आणि भाव पाडून मागतो.

याच मुलखातून ताव्हेर्निए एक असा खडा घेऊन गेला की ज्याच्यासाठी झाडाखाली जावं लागलं नाही. पुसट झाक नव्हे, अख्खा निळा. त्याच्या शब्दांत सुंदर जांभळा. आजच्या मापानं 115 कॅरेटच्या आसपास, चपटा, जेमतेम तीनकोनी, आपल्याच पद्धतीनं घासलेला. कुठं घेतला ते त्यानं लिहिलं नाही; जाणकार कोल्लूरकडं बोट दाखवतात. रंगीत हिऱ्यांची ओळख आपल्याकडं जुनीच होती. सहाव्या शतकात वराहमिहिरानं कुठल्या वर्णानं कुठल्या रंगाचा हिरा घालावा याची वाटणीसुद्धा करून ठेवली होती. बाजाराचं गणित मात्र वेगळं. थोडा रंग म्हणजे खोट, आणि भरपूर रंग म्हणजे दुसराच माल. हा न्याय अजून चालू आहे. प्रयोगशाळेत पांढऱ्या हिऱ्याचा रंग त्याला उपडा ठेवून पाहतात, पिवळी छटा कुठं दडली आहे का ते हुडकायला. आणि रंगीत हिरा उताणा ठेवून पाहतात, समोरून किती रंग दिसतो ते मोजायला.

आता पॅरिस, 1673. खडा चौदाव्या लुईनं घेतलेला आहे आणि पितो नावाचा दरबारी जवाहिऱ्या त्यावर काम संपवतोय. रामल्लकोट्याच्या कारागिरानं हे पाहिलं असतं तर त्याला भोवळ आली असती: 115 कॅरेटचे उरले 69. पण चकाकी आणि घाट असा साधला की राजानं तो रिबिनीला लावून गळ्याशी मिरवला. 1749 मध्ये पंधराव्या लुईसाठी तो एका मानचिन्हाच्या पदकात बसवला गेला, लाल स्पिनेलच्या कोरीव ड्रॅगनसोबत. तो ड्रॅगन आज लूव्रमध्ये आहे. हिरा नाही. सप्टेंबर 1792 मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, राजरत्नांच्या भांडारात चोर खिडकीतून शिरले, तेही एकाच रात्री नव्हे.

लंडन, 19 सप्टेंबर 1812. एक जवाहिऱ्या कागदावर निळ्या हिऱ्याची आकृती काढून वजन लिहितोय: 177 ग्रेन. चोरीला वीस वर्षं आणि वर दोन-तीन दिवस झालेत, आणि फ्रान्समध्ये त्या काळातल्या गुन्ह्यांची मुदत वीस वर्षांची. खडा पुन्हा कापलेला आहे. आज त्याचं वजन 45.52 कॅरेट. हेन्री फिलिप होप या श्रीमंताच्या 1839 च्या यादीत तो आला आणि तेच नाव चिकटलं. शापाच्या कथा नंतर जोडल्या गेल्या. त्या विकायला सोप्या असतात. खरा पुरावा सापडला तो 2007 मध्ये, पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात: राजाच्या त्या खड्याचा शिशाचा ठसा, आणि होप हिरा त्याच्या पोटात बरोबर बसत होता.

न्यूयॉर्क, 8 नोव्हेंबर 1958. जवाहिऱ्या हॅरी विन्स्टन होप हिरा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देणगी म्हणून पाठवतोय. पोलादी तिजोरी नाही, बंदोबस्त नाही. साध्या खाकी पुडक्यातून, रजिस्टर पोस्टानं. टपालाचे 2 डॉलर 44 सेंट, विम्यासकट 145 डॉलर 29 सेंट. तुम्ही टपालवाल्यासमोरच्या रांगेत उभे आहात आणि त्यानं ते पुडकं इतर पुडक्यांसारखंच ठेवलं.

वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत दिवे मालवा. हिऱ्यावर अतिनील किरण सोडा आणि बंद करा. निळा खडा निखाऱ्यासारखा लाल धगधगत राहतो, कित्येक सेकंद. निळेपण येतं बोरॉनमुळं: दहा लाख कार्बन अणूंमागं जेमतेम एखादा. नायट्रोजन शिरला तर पिवळा, किरणोत्सर्गाच्या तडाख्यात सापडला तर हिरवा. गुलाबी हिऱ्याचा रंग मात्र बहुतेकदा बाहेरून शिरलेल्या कशानं येत नाही, जमिनीखालच्या दाबानं त्याची घडणच मुरडलेली असते. आणि बोरॉनमुळंच निळा हिरा वीज वाहून नेतो, जी पांढरा अडवतो.

हे सगळं पाहून आलात तर निळा खडा हवासा वाटणारच. पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या बोळात कारागीर बसतो, त्याच्याकडं या. तो आधी डिझाइन विचारत नाही.

“दाखला आणलाय का?”

कारण निळे आता तीन वाटांनी येतात. एक जमिनीतून आलेला. तो परवडणारे लोक या बोळात येत नाहीत. दुसरा प्रयोगशाळेत बोरॉन घालून वाढवलेला. तोही खरा हिराच आणि वीजही वाहून नेतो, त्यामुळं तेवढ्या परीक्षेनं भागत नाही. तिसरा किरणांच्या माऱ्यानं निळा केलेला. त्याच्याजवळ झाळकामाची ज्योत नेली तर रंग बदलू शकतो, आणि बदलला की परत येत नाही. म्हणून पुढं कधी अंगठी मोठी करायला किंवा तुटकी कडी जोडायला द्याल, तेव्हा हे आधी सांगायचं आणि खडा बाहेर काढून मगच आच लावू द्यायची.

दाखला वाचून तो खडा काट्यावर ठेवतो, वजन तुमच्यासमोर दोन दशांशांपर्यंत पावतीवर लिहितो, भिंगातून कडेची बारीक खूण दाखवतो, म्हणजे अंगठी परत घेताना तोच खडा आहे हे तुम्हाला पाहता येईल. मग पिवळ्या सोन्याची आणि पांढऱ्या सोन्याची अशी दोन तयार कोंदणं खड्याखाली आळीपाळीनं धरतो. पिवळ्यावर निळा हिरवट दिसायला लागतो.

“पांढऱ्यातच करू ना?” तो विचारतो. “आणि मागून उघडं ठेवतो, धुवायला बरं पडेल.”