ट्यूलिपच्या काळजातला डाग

'सिलसिला' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. १९८१ सालच्या त्या चित्रपटात अमिताभ आणि रेखा ज्या रंगीत पट्ट्यांमधून चालतात, ती हॉलंडमधली ट्यूलिपची फुलं. फारसी-उर्दू शायरीत रानातल्या या लाल फुलाला 'लाला' म्हणतात. त्याच्या तळाशी काळा ठिपका असतो. शायर म्हणतात, तो प्रेमाच्या आगीनं काळजावर पडलेला डाग. काबूलजवळच्या डोंगरपायथ्याशी बाबरानं लालाचे प्रकार मोजायला लावले, ते बत्तीस-तेहतीस भरले, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे.

सोळाव्या शतकात हे फूल तुर्कस्तानातून युरोपात गेलं. क्लूसियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ साली हॉलंडच्या लायडन शहरात आला, त्यानं तिथल्या विद्यापीठाच्या बागेत ट्यूलिपचे कंद लावले आणि पुढच्या वसंतात ते फुलले. मग एक विचित्र गोष्ट लोकांच्या ध्यानात आली. साधं एकरंगी फूल देणारा कंद एखाद्या वर्षी एकदम पांढऱ्यावर लाल ज्वाळा उठलेलं फूल देई. हे 'फुटलेलं' फूल म्हणजे श्रीमंतांचा जीव की प्राण! 'सेंपर ऑगस्टस' या जातीच्या एका कंदाला दहा हजार गिल्डर मागितले गेले. कसबी कारागिराची वर्षाची कमाई तेव्हा तीनशेच्या आसपास होती. १६३७ च्या फेब्रुवारीत हार्लेमच्या लिलावात गिऱ्हाईकच उभं राहिलं नाही, आणि बाजार कोसळला.

फूल फुटतं कशानं? कुणी मातीत खत बदलून पाहिलं, कुणी दोन रंगांचे कंद अर्धे कापून एकत्र बांधले. फुटलेलं झाड हळूहळू खंगतं, हे क्लूसियसच्याही नजरेला आलं होतं. खरं कारण कळायला १९२८ साल उजाडलं. लंडनजवळच्या जॉन इनेस संस्थेत डोरोथी केली या बाईंनी फुटलेल्या कंदाचा तुकडा निरोगी कंदाला जोडला, आणि तोही फुटला. रोग होता तो, विषाणूचा! त्याचा प्रसार करतो मावा. आपल्या शेतकऱ्याला कपाशी-मिरचीवर छळणाऱ्या माव्याच्याच कुळातला. विषाणू पाकळीतला लाल-जांभळा रंग ठिकठिकाणी अडवतो, म्हणून खालचा पांढरा किंवा पिवळा उघडा पडतो. आजारी कंदाला पिल्लंही कमी होतात. म्हणजे फूल दुर्मीळ होतं ते दुखण्यामुळेच, आणि महाग होतं ते दुर्मीळ म्हणून. शायरांचा डाग कल्पनेतला. डच व्यापारी खऱ्या दुखण्याला पैसे मोजत होते.

याच गोंधळात पॅरट ट्यूलिपवरही आळ आला. त्याच्या पाकळ्या कातरल्यासारख्या, पिळवटलेल्या. कळी पोपटाच्या चोचीसारखी, म्हणून हे नाव. नीटस प्याल्याचा आकार आवडणाऱ्या शौकिनांना हे ध्यान बराच काळ रुचलं नाही. पण हा आजार नव्हे. निरोगी कंदाच्या पेशींत आपसूक बदल होतो आणि पाकळी अशी झालरीची होते. बी पेरून ती हमखास मिळत नाही. मूळ कंदाची पिल्लंच वेगळी करून लावावी लागतात. १९३७ चा गर्द जांभळा, जवळजवळ काळा 'ब्लॅक पॅरट' असाच वाढवला गेला आणि आजही बाजारात मिळतो.

निरोगी म्हणजे अभेद्य, असं मात्र नाही. त्याला मावाही लागतो आणि 'ट्यूलिप फायर' नावाची बुरशीही. त्यावर बागवानांचे उपाय साधेच: थंडी पक्की पडल्यावर लागवड करायची, डागाळलेलं झाड कंदासकट उपटून जाळायचं आणि त्या वाफ्यात निदान तीन वर्षं ट्यूलिप लावायचं नाही.

फुटलेली फुलं व्यापारी शेतांतून आता गेली आहेत. हॉलंडमधल्या लिमेन गावी 'हॉर्टस बल्बोरम' ही जुन्या जातींची बाग आहे. तिथं १६२० च्या सुमाराची 'झोमरस्कून' जात अजून फुलते. दर वर्षी तिचा कंद जमिनीतून काढतात, निवडतात आणि त्यातल्या विषाणूसकट पुन्हा लावतात.