येडशीहून मिरजेला

आधी पैसे बदलून घ्या. तुमच्याकडचा हाली सिक्का निजामाच्या हद्दीपुरता. पुढं बार्शीला इंग्रजांचा कलदार लागतो. सात हाली मोजले की सहा कलदार हातावर पडतात, आणि बदलून देणारा त्यातही आपलं काही कापून घेतोच. करोडगिरीचा शिपाई गाठोडं सोडायला लावेल. सोडा. आत भाकरी, ठेचा आणि घोंगडी आहे. त्यावर कसली जकात?

साल 1935. स्टेशन येडशीचं. मागं रामलिंगाची झाडी, बालाघाटाचे उतरते डोंगर. समोरचे रूळ एवढे जवळजवळ की एका टांगेत दोन्ही ओलांडता येतील. अडीच फुटांची ही बार्शी लाइट एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी एवढ्याच टप्प्यावर सुरू केली. 1911 मध्ये ती लातूरला पोचली, आणि आठच वर्षांपूर्वी, 1927 मध्ये, तिचं दुसरं टोक मिरजेला जाऊन टेकलं. त्यामुळं उस्मानाबादकडच्या माणसाला आता मिरजेचं मिशन हॉस्पिटल गाठता येतं.

बाकावर तुमच्या शेजारी एक पोरगी बसली आहे. सतरा-अठराची असेल. कपाळावर कुंकू नाही, गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा आहे. सोबत म्हातारा मामा.

“कुठं जायलीस गं माय?” समोरची बाई विचारते.

“मिरजंला,” मामाच बोलतो.

“काय दुखतंय पोरीचं?”

“दुखत न्हाई काही. शिकायला चालली. दवाखान्याचं.”

बाई काही बोलत नाही. आपलं गाठोडं फक्त चार बोटं पलीकडं सरकवते.

सांगून टाकतो, ही पोरगी मी घडवलेली आहे. पण त्या काळात या शिक्षणाला जाणाऱ्या मुली बहुतेक अशाच होत्या: ख्रिस्ती झालेल्या घरातल्या, बालविधवा, नवऱ्यानं टाकलेल्या. ज्यांच्या घराला “लोक काय म्हणतील” याची भीती उरली नव्हती, त्याच घरातून मुलगी बाहेर पडायची. कुणाचंही रक्त पुसायचं, कुणाचाही मळ उचलायचा, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, आणि तोही रात्री! तिला नाव मात्र मी दिलेलं नाही. का, ते पुढं कळेल.

गाडी येते. खेळण्यातली वाटावी अशी, पण धूर खरा आणि डोळ्यांत जाणारी कोळशाची कणीही खरी. पांगरी, बार्शी, कुर्डुवाडी. कुर्डुवाडीला मोठी लाइन आडवी येते आणि आपली गाडी थोरल्या भावापुढं उभी राहावी तशी अंग चोरून थांबते. पंढरपूरला टाळ-वीणा घेतलेली माणसं चढतात. पुढं सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ. माळ, बाभळी, पुन्हा माळ. निजाम, इंग्रज आणि मग लहानमोठी संस्थानं. एवढ्या राजवटी ओलांडून पोरगी मिरजेला उतरते तेव्हा तिच्या पदरावर चार राज्यांची धूळ असते. मामा तिला एक रुपया देतो, कलदार, आणि परतीच्या गाडीची वेळ विचारायला जातो. रडायला त्यानं तेवढंच निमित्त काढलेलं आहे.

मिरज म्हणजे तुम्हाला तंबोरे आठवतील, दर्ग्याच्या उरसातलं गाणं आठवेल. अब्दुल करीम खाँ याच गावात राहतात. पण टांगेवाल्याला “मिशन” एवढंच म्हणा, तो पत्ता विचारत नाही. विल्यम वॉन्लेस हा कॅनडाचा डॉक्टर 1889 मध्ये हिंदुस्थानात आला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी पैसा, आणि 1894 मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं. हे कॉन्व्हर्स आगगाडीची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्याचे मालक. ज्या पोरीला इंजिनानं इथवर आणलं, तिच्या शाळेमागंही इंजिनाचाच पैसा, हे मला उगीचच आवडतं. तीन वर्षांनी, 1897 मध्ये, हॉस्पिटलला जोडून नर्सिंगची शाळा निघाली. त्याच साली मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. वॉन्लेसांची भेट मात्र तुमची हुकली. 1928 मध्ये ते “सर” झाले, त्याच साली मिरज सोडली, आणि दोनच वर्षांपूर्वी वारले.

आता रात्रपाळीला चला. चपला बाहेर काढा. वॉर्डात फिनेल आणि घामाचा एकत्र वास आहे. बत्ती बारीक केलेली. पोरगी आता लुगड्यात नाही, पांढऱ्या खळीच्या कपड्यात आहे, आणि त्या कपड्याचा आवाज तिच्या आधी खाटेपाशी पोचतो.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक शेतकरी आहे. न्यूमोनिया, सातवी रात्र. नीट बघा, कारण हे दृश्य तुमच्या काळात उरलेलं नाही. सल्फाची औषधं या देशात अजून यायची आहेत, पेनिसिलिन तर पुढच्या दशकातलं. डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले, छाती ऐकली, आणि त्यांच्याकडं द्यायला फारसं काही नव्हतं. आता सकाळपर्यंत या माणसाकडं जे काही आहे ते म्हणजे ही अठरा वर्षांची पोरगी. उशा रचून ती त्याला अर्धवट बसता करते, श्वासाला जागा व्हावी म्हणून. कोमट पाण्यानं अंग पुसते. चमच्यानं पाणी, घोट घोट. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला स्पिरिट चोळायचं. पाठीला जखम झाली तर ती रोग्याची नव्हे, नर्सची चूक धरली जाते. मनगटावर तीन बोटं, डोळा घड्याळावर, आणि मग तक्त्यावर एक ठिपका. ठिपक्याला ठिपका जोडून तापाचा डोंगर तयार होतो: 103, 104, 104.

पहाटे दोनच्या सुमारास तो माणूस घामानं थबथबतो. डोंगराचा कडा कोसळावा तसा ताप उतरायला लागतो. घरी असता तर माणसं म्हणाली असती, उतार पडला, झोपू द्या. शाळेत शिकवलेलं उलटं आहे: ताप असा एकदम पडतो तोच घात होण्याचा क्षण, नाडी बसू शकते. ओले कपडे काढ, कोरडे घाल, पायाशी गरम पाण्याच्या बाटल्या ठेव, नाडी सोडू नकोस. ती सोडत नाही. उजाडताना शेतकरी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारतो तो बैलांचा.

सकाळी डॉक्टर येतात. तक्ता बघून मान हलवतात. पोरगी तेव्हा मागच्या मोरीवर बेडपॅन घासत असते.

तीन-साडेतीन वर्षांत ती बरंच शिकते. काचेची सिरिंज उकळायची, फडक्याच्या पट्ट्या गुंडाळायच्या, चादरीचा कोपरा असा मुडपायचा की रोगी लोळला तरी सुटू नये. पण मला तिचं एकच शिक्षण तुम्हाला जवळून दाखवायचं आहे. बाळंतपणाची खोली. मूल बाहेर आलं आहे, रडलं आहे. तिनं हात कोपरापर्यंत धुतलेत, घड्याळ लावून. उकळलेल्या दोऱ्याची एक गाठ बाळाच्या बेंबीपासून थोड्या अंतरावर, दुसरी तिच्यापुढं. दोन्ही घट्ट. मग मधोमध उकळलेली कात्री. वर राख नाही, शेण नाही, हळद नाही, काही नाही. वर काहीच लावायचं नाही, हे शिकायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

परत येडशीला या, म्हणजे या दोन गाठींची किंमत कळेल. इथं नाळ विळ्यानं कापतात, सापडेल तर दगडानंही. वर चुलीतली राख. पाचव्या रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळी लिहून जाते. म्हणून पाटा, कोरा कागद, लेखणी मांडून ठेवायची. आणि मग सहाव्या-सातव्या-आठव्या दिवशी काही लेकरं दूध ओढेनाशी होतात, जबडा बसतो, अंग धनुष्यासारखं वाकतं. सटवाईनं एवढंच लिहिलं होतं, म्हणतात. धनुर्वाताचे जंतू जखमेतून शिरले की साधारण तेवढ्याच दिवसांत रोग दिसतो. सटवाईच्या हिशेबात चूक नव्हती, दोष विळ्याचा होता. शिकून परतलेली पोरगी हे कुणाला समजावत बसत नाही. पाटा मांडू देते, कागद ठेवू देते, देवीला नमस्कारही करते. फक्त विळा मागून घेते आणि आपली कात्री चुलीवरच्या पातेल्यात टाकते. ज्या बाईनं गाडीत गाठोडं सरकवलं होतं, तिच्या सुनेच्या वेळी पहाटे हिलाच बोलावणं येतं. “मिरजेची बाई” हे तिचं नाव पडतं. आईबापानं ठेवलेलं नाव हळूहळू कुणालाच सांगता येईनासं होतं.

आता वर्षं पळू द्या. 1946: भोर समितीचा अहवाल सांगतो की हिंदुस्थानात 43,000 माणसांमागं एक नर्स आहे. म्हणजे आपली बाई बैलगाडीतून कितीही फिरली तरी माणसं उरणारच. 17 सप्टेंबर 1948: निजामाचं राज्य गेलं, हाली सिक्काही यथावकाश गेला. पन्नासच्या दशकात दोन वर्षांचा सहायक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम येतो, आरोग्य केंद्रं येतात, आणि मिरजेच्या बाईच्या हाताखाली एक नवी मुलगी रुजू होते. 1973 मध्ये कर्तारसिंग समिती सुचवते की एकेका रोगाला वेगळा कर्मचारी नको, एकीनंच सगळं करावं. पुढं शिक्षण दीड वर्षावर येतं आणि कामं दसपट होतात. कुटुंबनियोजनाच्या “केसेस” आणा, टार्गेट भरा. बाळंतपणाच्या रजिस्टरपेक्षा दुसरी रजिस्टरं जाड व्हायला लागतात. माझ्या मते ती जुनी शाळा खरी तेव्हाच बंद पडली.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं: भूकंप. इथं थांबू नका, सास्तूरकडं बघूही नका. तो वेगळा आणि फार मोठा प्रवास आहे. त्याच दशकात अणदूरला मात्र उतरा, नळदुर्गजवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनमध्ये खेड्यातल्या बायका आरोग्याचं शिकायला सतरंजीवर बसल्या आहेत. काहींना अक्षर जेमतेम येतं. यांना “भारतवैद्य” म्हणायचं. टोपी नाही, खळ नाही. 1935 ची पोरगी इथं येऊन बसली असती तर तिला चुकल्यासारखं वाटलं नसतं.

2015 मध्ये देशातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. त्यात लसीचा वाटा मोठा, दवाखान्यातल्या बाळंतपणांचा मोठा, आणि स्वच्छ पात्याचा मोठा. पातं कुणी कुणी गावोगाव नेलं, याची यादी नाही.

आणि आता आज. उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव आता धाराशिव, गाडी रुंद रुळांची. मिरजेच्या त्या हॉस्पिटलला अलीकडं घरघर लागली. वॉर्डातच राहायचं, वॉर्डातच शिकायचं, ही पद्धत तर कधीच मागं पडली. डॉक्टरांचं नाव टिकलं: सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला आजही वॉन्लेसवाडी म्हणतात, आणि त्यात गैर काही नाही, माणूस तेवढा मोठा होताच. पण जुन्या दवाखान्यांचे समूहफोटो काढून बघा. खुर्चीतल्यांची नावं खाली छापलेली. मागं उभ्या पांढऱ्या ओळीखाली बहुधा दोन शब्द: “परिचारिका वर्ग”. तिथं मी एक नाव मनानं घालावं, हे मला जमलं नाही.

म्हणून तुम्ही फोन घेऊन एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी आला आहात. वय ऐंशी उलटलेलं. मिरजेच्या बाईच्या हाताखाली रुजू झालेली ती मुलगी हीच. तुम्ही रेकॉर्डिंग लावता. नाव सांगा, म्हणता. त्या “सिस्टर” म्हणतात, मग हसतात, मग पूर्ण नाव सांगतात, वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट. जुनं रजिस्टर? बदली झाली तेव्हा तिथंच राहिलं. फोटो? वाळवीनं खाल्ला. बिल्ला नातवानं खेळायला नेला.

“मग बाईंनी शिकवलेलं काय राहिलं?” तुम्ही विचारता.

“हात धुऊन या,” त्या म्हणतात. तुम्ही धुऊन येता. “साबणानं?” पुन्हा जाता.

तोवर त्यांनी शिवणाच्या डब्यातून दोरा काढलेला असतो. टेबलावरची तुमची चार्जरची वायर ओढतात, टोक मुठीत धरतात. इथं बेंबी, समजा. बोटांनी अंतर मोजतात. बोटं थरथरतात, पण गाठ पहिल्याच फटक्यात बसते. थोडं पुढं दुसरी. मग तुमच्या हातात दोरा देतात.

“ही सोडा, आता तुम्ही बांधा. वायरला दुखत नाही, घट्ट ओढा.”