जात्यावरील ओवी आणि मनोगताची भाषा : परभणी परिसराच्या अनुषंगाने

कल्याणीच्या चालुक्यवंशातील तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात (सुमारे इ. स. ११२९) महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा निर्देश आहे. ओवीचे नाते विद्वानांच्या ग्रंथरचनेपूर्वी स्त्रियांच्या श्रमाशी जडले होते, एवढे त्यावरून निश्चितपणे म्हणता येते. कांडणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, हे नाते पुढे दळणाशी दृढ झाले. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेले असता, सासुरवाशिणीला मोकळेपणी बोलता येईल असे तेवढेच स्थळ होते.

या परंपरेतील सर्वांत ठळक नाव परभणी जिल्ह्याचे आहे. जनाबाईचा जन्म गोदातीरीच्या गंगाखेड येथे झाला, अशी परंपरा आहे. नामदेवांच्या घरी ती दासी होती. (नामदेवांचे नरसी आज हिंगोली जिल्ह्यात मोडत असले, तरी १९९९पर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते.) तिच्या नावावरील अभंगांची संख्या ३००हून अधिक असून, त्यांतील काहींच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या अभंगांतील विठ्ठल जनीबरोबर दळू लागतो, तिच्या कामाला हात लावतो. जिचे बोलणे ऐकून घेण्यास कोणी बांधील नव्हते, त्या दासीने आपल्यासाठी एक श्रोता निर्माण केला, आणि तो जात्याच्या दुसऱ्या बाजूस बसविला. 'नामयाची जनी' या नाममुद्रेत दास्याची कबुली आहे, हे खरे. परंतु स्वतःचे नाव स्वतः उच्चारण्याचा अधिकारही तीत आहे, आणि भक्तीच्या गौरवात ही दुसरी बाजू बहुधा झाकली जाते.

एरिक फ्रॉम किंवा फ्रॉइड यांचा दाखला न घेताही ओवीची घडण समजून घेता येते. पहिली ओळ घोळवीत असताना दुसरी जुळते. जात्याचा फेरा थांबत नाही, म्हणून शब्द सुचेपर्यंतचा विरामही अवघड वाटत नाही. दुःख 'मला' असे थेट न सांगता सीतेच्या वनवासावर किंवा दूरच्या भावावर घालता येते. ताडकळस या परभणी जिल्ह्यातील गावी १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत सीतेचा वनवास असाच येतो. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्या संग्रहात आईबापांची आठवण आणि सासरचा जाच यांचे प्रमाण पाहिले, की हे गीत करमणुकीचे नव्हते याविषयी शंका राहत नाही.

चित्र, गीत, नृत्य यांच्या साहाय्याने मनाचा भार हलका करण्याच्या पद्धतीस पाश्चात्य देशांत स्वतंत्र नाव मिळाले ते विसाव्या शतकात. क्षयरोगाने आजारी असता चित्रे काढणाऱ्या एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने १९४२मध्ये 'आर्ट थेरपी' हा शब्द योजिला. ओवीला मात्र उपचार म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ओवीने सासरचा जाच सुसह्य केला. तो नाहीसा केला नाही. सोसण्याची शक्ती वाढविणारी कला सोसणे लांबविते काय, हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी टाळू नये.

पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. श्रम वाचले, हे इष्टच झाले. त्याबरोबर ती पहाटही गेली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने २०१५मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यांत परभणीचा समावेश होता. मानसिक ताणाखालील शेतकरी कुटुंबांचा शोध आणि समुपदेशन, असे त्याचे स्वरूप होते.

येथे भाषेचा एक पेच उभा राहतो. 'समुपदेशन' या घडविलेल्या शब्दात 'उपदेश' बसलेला आहे. 'जीव लागत नाही', 'काळजाला घोर लागला' असे म्हणणाऱ्या माणसाला उपदेश नको असतो. जात्यावर समोर बसलेली बाई उपदेश करीत नसे. ती खुंटा धरी, ऐके, आणि आपली ओवी जोडी. 'गुज', 'सल', 'मनोगत' हे शब्द मराठीत आजही जिवंत आहेत, आणि सल्ला देणाऱ्या केंद्राच्या दारावरील पाटीसाठी त्यांचा विचार अद्याप कोणी करावयाचा आहे.