दोन चाकांमधली दांडी

१९८२च्या पावसाळ्यातली गोष्ट. वडील सरकारी जीपवर चालक होते आणि शाळेला सुट्टी असली की कधीमधी मला सोबत नेत. पाटण खोऱ्यात एका ओढ्यातून वर येताना खाडकन आवाज झाला आणि जीप डाव्या अंगाला बसली. पुढचा मुख्य पाटा तुटला होता. वडिलांनी जॅक लावला, जांभळीचा ओंडका तासून आस आणि चासीच्या मध्ये बसवला आणि एका शेतकऱ्याने दिलेल्या नाड्याने सगळे करकचून बांधले. शेतकरी वाकून पाहत होता. ‘‘कणा शाबूत हाय न्हवं? मग जाताय की घरापातुर,’’ तो म्हणाला. रात्री दहाला आम्ही घरी पोचलो.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका मित्राच्या नव्या गाडीतून अशाच वाटेने निघालो होतो. पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावरचे रबरी बूट कधीतरी फाटले होते, चिखल आत शिरला होता आणि चढावर सांध्याने जीव सोडला. सुटा भाग तालुक्याला नव्हता, जिल्ह्यालाही नव्हता. गाडी चार दिवस एका गोठ्याशेजारी उभी राहिली. जुन्या जीपपेक्षा ही गाडी कितीतरी पुढची होती, असे सगळेच म्हणत. मी हिशेबनीस माणूस, अभियंता नव्हे. पण ‘पुढची’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न डोक्यातून जाईना. त्याच्या मागे लागून लष्करी पुस्तिका, गाड्यांचे आराखडे आणि अभियंत्यांचे लेखन जमेल तसे वाचत गेलो. हाती जे लागले ते इथे मांडतो.

०

आधी दोन रचना समजून घेऊ. पहिली बैलगाडीइतकीच जुनी : दोन चाकांना जोडणारा एकच सलग आस. मोटारीत तो पोकळ असतो, त्याच्या पोटात डिफरन्शिअलचा लोखंडी गोळा आणि चाके फिरवणारे दांडे असतात. दुसरी रचना इंडिपेंडंट सस्पेन्शनची, म्हणजे स्वतंत्र जोडणीची. तिच्यात डिफरन्शिअल चासीला पक्का बसवतात आणि प्रत्येक चाक आपापल्या हातांवर वेगळे वरखाली होते.

सलग आस तराजूच्या दांडीसारखा वागतो. डावे चाक दगडावर चढले की दांडी कलते. पाटे चाकांच्या बरेच आत बसवलेले असल्याने हे कलणे सोपे जाते आणि उजवे चाक खड्ड्यात उतरून जमीन धरून राहते. शिवाय चाक वर चढले की आसही वर उचलला जातो. गाडीत दहा पोती टाका किंवा गाडी आदळू द्या, गोळ्याखालची मोकळी जागा टायरच ठरवतो. स्वतंत्र जोडणीत गोळा चासीबरोबर खाली येतो, त्यामुळे वजन वाढले किंवा गाडी दबली की नेमकी नको तेव्हा पोटाखालची जागा कमी होते.

मग दुसरी रचना निघालीच कशाला? उत्तर वेगात आहे. जड आस ठेचकाळला की त्याचा धक्का सगळ्या गाडीला बसतो. शिवाय फिरते चाक भोवऱ्यासारखे असते; दांडी कलली की ते बाजूला वळू पाहते आणि सुकाणू हातात थरथरू लागते. १९३०च्या सुमारास अमेरिकी गाड्यांत हा थरथराट मोठी डोकेदुखी झाला होता. रोल्स-रॉइस सोडून कॅडिलॅककडे आलेला इंग्रज अभियंता मॉरिस ऑली त्याच्या मागे लागला आणि १९३४ साली जनरल मोटर्सच्या गाड्या पुढच्या स्वतंत्र जोडणीसह बाजारात आल्या. फोर्डने मात्र पुढचा सलग आस १९४८पर्यंत सोडला नाही. हा सगळा वाद गुळगुळीत रस्त्याचा होता. शेतातल्या वाटेचा विचार त्यात कुणी केलेला नव्हता.

०

तो विचार लष्कराने केला. जर्मनीने १९३६पासून हलक्या लष्करी गाडीचा एक प्रमाणित सांगाडा बनवायला घेतला. स्टोव्हर, बीएमडब्ल्यू आणि हानोमाग या तिन्ही कंपन्या तो बनवत. चारही चाकांना इंजिनाची ताकद, चारही चाके स्वतंत्र, आणि वर चारही चाके वळणारी. कागदावर याहून प्रगत गाडी त्या काळी दाखवता आली नसती. प्रत्यक्षात ती जड निघाली, गुंतागुंतीची निघाली, आणि मागची चाके वळवण्याची सोय १९४० साली काढूनच टाकावी लागली.

त्याच वर्षी ११ जुलैला अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागवल्या. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्टला बोलावून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबरला नमुना लष्करी तळावर पोचवला. इतक्या घाईत नवे काही शोधायला वेळच नव्हता. आस स्पायसर कंपनीचे, तेही स्टुडबेकर चँपियन या साध्या मोटारीच्या आसांवरून बेतलेले. म्हणजे ज्या जीपच्या सलग आसाचे आज गोडवे गातात, तो मुळात कुणी तत्त्व म्हणून निवडलाच नव्हता. हाताशी जे होते ते घेतले गेले.

घेतले ते टिकले, त्याचे एक कारण सांध्यांत आहे. वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवायला असा सांधा लागतो जो कोनात असूनही एकसारखा फिरेल. सलग आसाच्या गाडीत असे सांधे दोनच, पुढच्या दोन चाकांपाशी, आणि त्यांना वाकावे लागते ते वळताना. चारही चाके स्वतंत्र केली तर प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे, म्हणजे एकूण आठ, आणि खड्डा आला की ते सगळे हलणार. हे सांधे बनवायला बारीक, अचूक यंत्रकाम लागे. युद्धात त्यांची इतकी ओढाताण होती की जीपमध्ये झेप्पा, बेंडिक्स-वाइस, ट्रॅक्टा आणि स्पायसर अशा चार जातींचे सांधे बसवावे लागले. विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. प्रत्येकीत दोनाऐवजी आठ सांधे असते तर तो आकडा कुठे अडकला असता, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

०

युद्धानंतर मात्र अमेरिकी लष्कराला जीप जुनाट वाटू लागली. १९५१ साली नव्या गाडीचे काम फोर्डकडे सोपवले गेले. तिचे नाव एम-१५१. १९६०च्या आसपास ती सैन्यात येऊ लागली. चारही चाके स्वतंत्र, कमानींऐवजी गुंडाळी स्प्रिंगा, वेगळ्या चासीची गरज नसलेला डबा. ती जीपपेक्षा आरामात आणि वेगात पळे. आणि ती उलटू लागली.

दोष मागच्या चाकांच्या जोडणीत होता. मागे वजन नसताना वेगात वळण घेतले की गाडीचा मागचा भाग उचलला जाई, चाके पोटाखाली दुमडत, आणि गाडी स्वतःच्याच चाकांवरून कोलांटी घेई. त्यात सैनिक दगावले. चालकांना वेगळे प्रशिक्षण द्यावे लागले. १९७० साली एम-१५१ए२ या सुधारित गाडीत मागची जोडणी बदलल्यावर हा दोष बराच कमी झाला, पण बदनामी गेली नाही. निवृत्त गाड्या नागरिकांना विकणे धोक्याचे ठरवून लष्कराने त्या कापून भंगारात काढल्या.

इथे एक सावधगिरी. सलग आसाचे भक्त हा प्रसंग हटकून सांगतात आणि ‘‘बघा, म्हणून स्वतंत्र जोडणी वाईट’’ असा निष्कर्ष काढतात. तो बरोबर नाही. चूक त्या एका जोडणीच्या भूमितीची होती, आणि ती दुरुस्त होऊ शकली हेच ए२ने दाखवले. मला या प्रसंगात वेगळे दिसते. वेगाच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना चालकाला वेग मिळाला, पण वेगात गाडी कशी वागेल याचा हिशेब अपुरा राहिला. जुन्या जीपमध्ये अंग इतके ठेचकाळे की चालक आपोआप पाय उचलत असे.

तिच्या जागी पुढे जी गाडी आली, त्या हमवीचे कंत्राट १९८३चे. तिचीही चारही चाके स्वतंत्र आहेत. पण प्रत्येक चाकाच्या तुंब्यात वेगळे गिअर बसवून दांडे वर उचलले आहेत, त्यामुळे पोटाखाली सुमारे ४० सेंटिमीटर जागा मिळते. पोट टेकण्याचा प्रश्न सुटला, किंमत वजनात आणि पैशांत मोजली. दुसऱ्या बाजूने १९७०च्या रेंज रोव्हरने सलग आस तसाच ठेवून पाट्यांच्या जागी लांब चालीच्या गुंडाळी स्प्रिंगा घातल्या आणि दाखवून दिले की जुना आस म्हणजे हाडे खिळखिळी होणे असे नव्हे.

मेक्सिकोच्या वाळवंटातही एक दाखला आहे. १९६७च्या पहिल्या ‘मेक्सिकन १०००’ शर्यतीत फोक्सवॅगनच्या अंगावर उभी केलेली, फक्त मागची चाके ओढणारी मेयर्स मँक्स ही चिमुकली गाडी २७ तास ३८ मिनिटांत पहिली आली. तिची चाके स्वतंत्र होती. वाट तीही खडबडीतच होती, पण तिथे दगडावर पाय रोवायचा नव्हता, पळायचे होते.

०

आपल्याकडे जीप आली ती स्वातंत्र्याच्या आगेमागे, विलिसच्या सुट्या भागांच्या पेट्यांतून. महिंद्र कंपनीने माझगावात तिची जुळणी सुरू केली आणि त्या घराण्यातल्या गाड्यांनी पुढे अनेक दशके दोन सलग आस आणि चार पाटे हा संसार सोडला नाही. १९८५ साली आलेली मारुती जिप्सीही त्याच वळणाची. २०१०च्या थारमध्ये पुढची चाके स्वतंत्र झाली, मागचा आस सलग राहिला. २०२०च्या नव्या थारमध्येही तीच वाटणी आहे. मर्सिडीजच्या जी-वर्गाने २०१८ साली हेच केले. लँड रोव्हर डिफेंडर २०१९ साली चारही चाकांनी स्वतंत्र झाली. उलट १९८४पासूनची टोयोटा लँड क्रूझर ७० आणि २०२३ साली आपल्याकडे आलेली जिम्नी यांनी दोन्ही आस सलग ठेवले आहेत.

ही यादी काळाच्या एका रेषेवर बसत नाही, आणि माझे म्हणणे तेच आहे. सलग आस मागे पडलेला नाही. तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याला दिवसाचे शंभर किलोमीटर डांबरावरून आणि पाच किलोमीटर मातीतून जायचे आहे, त्याला पुढची स्वतंत्र चाकेच बरी. आज बहुतेक गिऱ्हाइके तीच आहेत आणि कारखाने त्यांचे ऐकतात, यात गैर काही नाही. पण दगडांतून पायरी पायरीने चढणाऱ्याचा, आणि जिथे गॅरेज दोन दिवसांच्या अंतरावर आहे तिथल्या माणसाचा प्रश्न त्यामुळे संपत नाही. गाडी किती चांगली चालते एवढेच तो विचारत नाही. मोडल्यावर ती माझ्या हातांनी उभी राहील का, हेही विचारतो. विक्रीच्या माहितीपत्रकात या दुसऱ्या प्रश्नासाठी रकाना नसतो.

मित्राच्या गाडीचा सांधा आला तेव्हा मी तो हातात घेऊन पाहिला. पोलादी गोळ्या, त्यांच्या खोबणी, सगळे अतिशय देखणे काम. ते बनवणाऱ्याला मी मनोमन दाद दिली. पण त्या गोठ्याशेजारी ओंडका आणि नाडा दोन्ही पडलेले होते, आणि त्यांचा आम्हाला काहीच उपयोग नव्हता.