सुखी वार्धक्य कोणाचें ?

वार्धक्यावर लिहिणारे ग्रंथकार बहुधा स्वतः वृद्ध असतात, आणि बहुधा ते सुस्थितींतलेही असतात. यांपैकीं पहिल्या गोष्टीकडे वाचकाचें लक्ष सहज जातें. दुसरीकडे फारसें जात नाहीं. बेताचें खाणें, नित्याचें चालणें, मन रमेल असा एखादा उद्योग, आणि नातवंडांचा सहवास, हा उपदेश दोन हजार वर्षें जवळजवळ एकाच स्वरूपांत चालत आला आहे. तो खोटा आहे असें कोणीच म्हणणार नाहीं. आजचें वैद्यकही त्याला दुजोराच देतें. परंतु हा उपदेश कोणी केला, तो आचरण्याची सवड त्यांना कोणाच्या कष्टांमुळें मिळाली, आणि ज्यांना ती सवड मिळाली नाहीं त्यांच्या म्हातारपणाचें काय झालें, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. त्यांचा थोडासा विचार येथें करावयाचा आहे.

इ. स. पूर्व ४४ या वर्षीं रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो यानें वार्धक्यावरील आपला संवाद लिहिला. त्या वेळीं तो ६२ वर्षांचा होता. आदल्याच वर्षीं त्याची लाडकी कन्या तुलिया वारली होती, आणि सीझरच्या एकतंत्री अमलांत राज्यकारभारांतून त्याचें अंग निघालें होतें. ज्याचा सारा जन्म सेनेटांत आणि न्यायसभेंत गेला त्याच्यावर घरीं बसून राहण्याची पाळी आली. स्वतःचें समाधान करण्याकरितां त्यानें लेखणी हातीं धरली, आणि आपले विचार शंभर वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या केटोच्या तोंडीं घातले. संवादांतला केटो ८४ वर्षांचा आहे. सिपिओ व लीलियस हे दोघे त्याच्याहून पुष्कळ लहान असलेले मित्र त्याच्यापुढें बसले आहेत, आणि म्हातारपण त्याला जड कसें वाटत नाहीं याचें कौतुक करीत आहेत.

वार्धक्यावर घेतले जाणारे चार आक्षेप केटो एकामागून एक मांडतो. तें माणसाला कामावरून दूर सारतें, शरीर दुबळें करतें, सुखोपभोग हिरावून घेतें, आणि मरणाच्या जवळ नेऊन ठेवतें. या चारहि आक्षेपांस त्यानें दिलेलीं उत्तरें आजही वाचण्यासारखीं आहेत. मोठीं कामें बाहुबळानें होत नसून विचारानें होतात. बुद्धि वापरांत ठेवली तर ती गंजत नाहीं. आपण स्वतः उतारवयांत ग्रीक भाषा शिकलों. शेतींत व बागेंत जो आनंद आहे तो जेवणावळींत नाहीं. अशी त्याची विचारसरणी आहे. हें सर्व वाचून वाचकाला प्रसन्न वाटतें. मात्र ज्यानें हें पुस्तक लिहिलें त्याला हें वार्धक्य लाभलें नाहीं. पुढच्याच वर्षीं, इ. स. पूर्व ४३ च्या डिसेंबरांत, अँटनीच्या माणसांनीं सिसेरोचा शिरच्छेद केला.

या संवादांतील सर्वांत महत्त्वाचें वाक्य केटोचें नसून लीलियसचें आहे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. आरंभींच तो मोठ्या अदबीनें एक शंका काढतो. तिचा आशय असा कीं, तुम्हांला म्हातारपण सुसह्य होतें त्याचें कारण तुमची संपत्ति, तुमची सत्ता आणि तुमचा मानमरातब हें असेल. हें भाग्य पुष्कळांच्या वांट्याला येत नाहीं, त्यांनीं काय करावें? शंका सरळ आहे आणि मर्मावर बसणारी आहे. केटो ती अगदींच झिडकारीत नाहीं. घोर दारिद्र्यांत शहाण्यालाही वार्धक्य हलकें वाटणार नाहीं, इतकें तो कबूल करतो. पण त्याबरोबरच मूर्खाला श्रीमंतींतही तें जडच वाटेल, असें म्हणून तो विषय स्वभावाकडे वळवतो. प्रश्न परिस्थितीचा होता. उत्तर शीलाचें मिळालें. संवाद पुढें चालू राहतो, आणि लीलियस पुन्हा तो विषय काढीत नाहीं.

सुदैवानें खरा केटो याविषयीं काय म्हणत असे, हें आपल्याला कळण्याचें साधन उपलब्ध आहे. त्यानें शेतीवर लिहिलेला एक ग्रंथ आजही शिल्लक आहे, आणि लॅटिन गद्यांतील हाच सर्वांत जुना अखंड ग्रंथ समजला जातो. त्याच्या आरंभींच्या भागांत मालकानें शेतावर गेल्यावर काय काय पाहावें, काय ठेवावें व काय विकून टाकावें, याची यादी आहे. थकलेले बैल, खोड असलेलीं गुरें, जुनी गाडी, जुनीं अवजारें यांच्याच ओळींत केटोनें म्हातारा गुलाम व आजारी गुलाम यांना बसवलें आहे. जो केटो सिसेरोच्या पुस्तकांत बागेच्या शोभेचें वर्णन करतो, त्या बागेची माती खणणाऱ्याचें म्हातारपण या एका ओळींत संपलें.

ही ओळ प्राचीनांपैकींही एकाला खुपली होती. केटोचें चरित्र लिहितांना प्लूटार्कनें त्यावर तीव्र टीका केली आहे. ज्या बैलानें आपल्या शेतांत काम केलें त्याला तो थकला म्हणून मी विकणार नाहीं, मग माणसाला कसा विकीन, असा त्याचा भाव आहे. त्यानें तेथेंच अथेन्समधील एक गोष्ट दिली आहे. तेथील मोठें देऊळ बांधून झाल्यावर ज्या खेंचरांनीं सर्वांत जास्त ओझीं वाहिलीं होतीं त्यांना मोकळें चरावयास सोडून देण्यांत आलें. त्यांतलें एक आपण होऊन कामावर परत येई व चढावर ओझीं नेणाऱ्या जनावरांच्या पुढें चाले, म्हणून त्याला सरकारी खर्चानें जन्मभर पोसावें असा ठराव झाला. लीलियसच्या प्रश्नाचें उत्तर या गोष्टींत आहे. परंतु तें खेंचराच्या गोष्टींत राहिलें, माणसांच्या कायद्यांत यावयास फार काळ जावा लागला.

मधल्या काळांत उपदेशाची परंपरा अखंड चालूच होती. तिचा सर्वांत लोकप्रिय प्रतिनिधि म्हणजे पादुआचा लुइजी कॉर्नारो. तारुण्यांतील चैनीमुळें चाळिशीच्या आंतच त्याची प्रकृति पार बिघडली, आणि बेतानें राहा, नाहीं तर मरा, असें वैद्यांनीं त्याला बजावलें. तेव्हांपासून रोज १२ औंस अन्न व १४ औंस द्राक्षासव हा त्याचा शिरस्ता ठरला. म्हातारपणीं आप्तांच्या आग्रहानें त्यानें दोन्हींत दोन दोन औंसांची भर घातली, तो तापानें आडवा झाला, आणि पूर्वीच्या मापावर आल्यावरच बरा झाला. १५५८ सालीं त्याचा मिताहारावरील पहिला निबंध छापून निघाला, आणि तो युरोपभर वाचला गेला. इंग्रजींत त्याचें भाषांतर जॉर्ज हर्बर्ट या कवीनें केलें. आपण घोड्यावर बसतों, टेकड्या चढतों, अकरा नातवंडांबरोबर गातों, असें तो मोठ्या अभिमानानें सांगतो. तो आपलें वय बरेंच वाढवून सांगत असावा असा पुढील संशोधकांचा कयास आहे. तरी १५६६ सालीं तो मेला तेव्हां ऐंशीच्या पलीकडे गेला होता याबद्दल वाद नाहीं. त्याचा नियम चांगलाच होता. पण बारा औंस खाण्याचा निश्चय करण्यासाठीं तेरावा औंस ताटांत असावा लागतो, हें त्याला सुचलें नाहीं.

लीलियसचा प्रश्न पुन्हा मोठ्यानें विचारला गेला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. जर्मनींत बिस्मार्कच्या कारकीर्दींत १८८९ सालीं कामगारांच्या वार्धक्याच्या विम्याचा कायदा झाला. इंग्लंडांत चार्ल्स बूथ यानें दारिद्र्याची पाहणी केली, आणि दारिद्र्याच्या कारणांत म्हातारपण हेंच एक मोठें कारण आहे, असें दाखवून दिलें. तोंपर्यंत अशी समजूत होती कीं, जो काटकसरीनें व नेकीनें वागला तो म्हातारपणीं उपाशी मरणार नाहीं. बूथच्या आंकड्यांनीं ही समजूत खोटी ठरविली. जन्मभर राबलेला मजूर हातपाय थकले कीं दरिद्रगृहाच्या दारीं उभा राही. तेथें नवरा एका बाजूस व बायको दुसऱ्या बाजूस ठेवण्याचा सर्वसाधारण प्रघात होता, आणि तेथें जाणें म्हणजे अब्रू गमावणें होतें.

१९०८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें वृद्धवेतनाचा कायदा केला. सत्तर वर्षांवरील गरीब माणसाला आठवड्यास जास्तींत जास्त ५ शिलिंग मिळावयाचे होते. रक्कम लहान होती आणि वयाची अट कडक होती. परंतु कायद्यांत एक शहाणपणाची गोष्ट होती : हे पैसे दरिद्रगृहाच्या अधिकाऱ्याकडून मिळावयाचे नसून पोस्टांत मिळावयाचे होते. भीक व हक्क यांतला फरक खिडकी बदलल्यानेंही पडतो. ऑक्सफर्डशायरमधील खेड्यांचें चित्र रेखाटणाऱ्या फ्लोरा थॉम्प्सन या लेखिकेनें तरुणपणीं पोस्टांत काम केलें होतें. ही वृद्ध मंडळी पहिल्यानें पैसे घ्यावयास आलीं तेव्हां त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें, आणि पुढें खिडकीमागच्या मुलीलाच तीं आपल्या बागेंतलीं फुलें व सफरचंदें आणून देऊं लागलीं, असें तिनें लिहून ठेवलें आहे. वार्धक्यसुखाच्या इतिहासांत हीं सफरचंदें कॉर्नारोच्या बारा औंसांहून कमी महत्त्वाचीं नाहींत.

आतां आपल्याकडे वळूं. मनूनें गृहस्थाला असें सांगितलें आहे कीं, केस पांढरे झाले, अंगावर सुरकुत्या पडल्या आणि नातवाचें तोंड दिसलें म्हणजे वनाची वाट धरावी. सत्ता वेळेवर सोडावी हें या व्यवस्थेंतलें तत्त्व खरोखर उदात्त आहे. पण बायकोविषयीं तेथें एवढेंच सांगितलें आहे कीं, तिला मुलांच्या हवालीं करावें किंवा बरोबर न्यावें. तिचें वार्धक्य म्हणजे दुसऱ्यानें घेतलेला निर्णय. आणि जिला नवराही नाहीं व मुलगाही नाहीं, तिचें काय ? एकत्र कुटुंबाचे गोडवे गातांना आपण विसरतों कीं, त्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरांत जन्मभर राबणारी विधवा आत्या किंवा काकू म्हातारपणीं कोणाच्या मर्जीवर जगत होती. लीलियसची शंका महाराष्ट्रांत तिच्या तोंडीं शोभली असती.

या प्रश्नाला आमच्याकडे ज्यांनीं कृतीनें उत्तर दिलें त्यांत धोंडो केशव कर्वे यांचें नांव पुढें येतें. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली, आणि १९०० सालीं आश्रम पुण्याजवळ हिंगण्यास नेला. विधवेला शिक्षण द्यावें, तिला स्वतःच्या पायांवर उभें करावें, हा त्यांचा हेतु होता. तिच्या तारुण्याची सोय हा त्याचा दिसणारा भाग झाला. तिच्या म्हातारपणाची सोय हा न दिसणारा. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले ह्याच आश्रमाच्या एक आधारस्तंभ झाल्या. तरुणपणींच वैधव्य आलेल्या या बाई १९१८ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शिकावयास व आश्रमासाठीं पैसे जमवावयास अमेरिकेस गेल्या, आणि तेथें त्यांनीं लोकांच्या घरीं मोलकरणीचें काम करून दिवस काढले. केटोनें उतारवयांत ग्रीक भाषा शिकल्याचें कौतुक दोन हजार वर्षें चाललें आहे. त्याचें शेत दुसरे कसत होते. पार्वतीबाई भांडीं घांसून इंग्रजी शिकत होत्या.

स्वतः कर्वे १०४ वर्षे जगले. १९२९ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, ते आपल्या महिला विद्यापीठासाठीं जगाच्या प्रवासास निघाले. १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यांतून प्राथमिक शाळा काढण्यासाठीं त्यांनीं नवें मंडळ स्थापलें. १९४४ सालीं समता संघ काढला. १९५८ सालीं त्यांना भारतरत्न ही पदवी मिळाली, आणि १९६२ सालीं ते निवर्तले. साधा आहार व पायीं चालणें हें त्यांच्या दीर्घायुष्याचें रहस्य म्हणून सांगतात. तें असेलही. पण केटोच्या चारहि आक्षेपांचीं उत्तरें ज्याच्या जन्मांत मिळतात, अशा या वृद्धानें आपल्याबरोबर दुसऱ्यांच्या वार्धक्याचाही भार उचलला होता, हें सांगावयाचें राहून जातें.

हा प्रश्न आज लहान नाहीं. १९५१ च्या सुमारास भारतांत जन्मणाऱ्या मुलाचें सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतें. आज तें सत्तरीच्या घरांत आहे. २०११ च्या खानेसुमारींत साठीच्या वरचे लोक दहा कोटींहून अधिक भरले. १९९५ सालीं मध्यवर्ती सरकारनें निराधार वृद्धांसाठीं दरमहा ७५ रुपयांची योजना सुरू केली. ती पुढें वाढली, तरी साठ ते एकोणऐशी वर्षांच्या वृद्धास मध्यवर्ती सरकारचा वांटा २०० रुपयांचाच ठरला. राज्यें त्यांत आपापली भर घालतात. महाराष्ट्रांतील अशा एका योजनेस श्रावणबाळाचें नांव आहे. आणि त्याच श्रावणबाळाच्या देशांत २००७ सालीं, मुलांनीं आईबापांस पोसावें म्हणून, कायदा करावा लागला.

सिसेरोच्या संवादांत अथेन्सच्या नाटकगृहाची एक कथा आहे. एक वृद्ध उशिरा आला. त्याला त्याच्या नगरबंधूंपैकीं कोणीच जागा दिली नाहीं. तो स्पार्टाच्या वकिलांच्या आसनांपाशीं आला तेव्हां ते सर्वच्या सर्व उठून उभे राहिले, आणि नाटकगृहांत टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यावर त्यांच्यापैकीं एकजण अशा अर्थाचें बोलला कीं, योग्य काय तें अथेन्सकरांस कळतें, फक्त त्यांना तें करावयाचें नसतें. वडील माणसांच्या पायां पडण्यांत आम्ही कोणाला हार जाणार नाहीं. टाळ्या आम्हांलाही उत्तम वाजवतां येतात.

यापुढें जो कोणी वार्धक्यावर लिहील त्यानें आहाराचें, चालण्याचें व मनःशांतीचें प्रकरण अवश्य लिहावें. त्याचा उपयोग ज्यांना होण्यासारखा आहे त्यांना तो होईलच. पण केटोच्या यादींत जुन्या गाडीनंतर ज्याचा उल्लेख आला, त्या म्हाताऱ्यासाठींही त्यानें एक प्रकरण राखून ठेवावें, आणि शक्य तर तें पहिलें घालावें.