हरिश्चंद्राच्या फॅक्टरीतली माणसे

अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९०८ ते १९१३ या काळात बायोग्राफ कंपनीसाठी साडेचारशेच्या आसपास चित्रपट केले. बहुतेक सगळे एका रिळाचे, पंधरा मिनिटांच्या आत आटोपणारे. कॅमेरा, फिल्म, नट, पैसा यांची सोय कंपनीची होती. आपल्याकडे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनाही कामाचा तसाच झपाटा होता. फक्त त्यांना कंपनीसुद्धा घरातच उभारावी लागली.

जे. जे. आणि बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यातला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, मग छापखाना अशा वाटांनी फिरून दादासाहेब चाळिशीत सिनेमाकडे वळले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला. सावकार सहजी पैसे देईनात, म्हणून कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ रोज थोडीथोडी टिपली. पडद्यावर रोप भराभर वर येताना दिसले आणि कर्जाची सोय झाली.

दादरच्या बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू झाले. कच्च्या फिल्मला तेव्हा कडेची भोकेही नसायची. दिवसभर मंडळींचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून ती पाडत, फिल्म धूत. चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर ऊन पाडत. हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास झाला दादासाहेबांचाच मुलगा भालचंद्र. राणी तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. सिनेमात काम करतो म्हटले तर लोक नाके मुरडतील, म्हणून ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे’ असे सांगायची नटांना ताकीद होती. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

मग बिऱ्हाड नाशिकला हलले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, जोडीला ‘पिठाचे पंजे’सारखे छोटे विनोदी चित्रपटही निघाले. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. ‘कालियामर्दन’मधला (१९१९) कृष्ण म्हणजे दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी.

भांडवल हवे म्हणून १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली आणि खर्चाचा हिशेब विचारणारी माणसे आली. घरच्या कारभाराची सवय लागलेल्या दादासाहेबांना ते मानवले नाही. कंपनी सोडून ते काशीला गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिले. पुढे ते परतले, पण पगारी दिग्दर्शक म्हणून. तरी या कंपनीसाठी त्यांनी चाळीसहून अधिक चित्रपट केले.

‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून चित्रित झाला. तोवर बोलपट आले होते, म्हणून त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. दादासाहेबांनी बोलपट म्हणूनच काढलेला चित्रपट एकच, कोल्हापूर सिनेटोनचा ‘गंगावतरण’ (१९३७). त्याचा खर्च अडीच लाखांच्या घरात गेला आणि त्यानंतर त्यांनी दिग्दर्शन केले नाही.