विचारल्या वेळेची कुंडली : प्रश्नशास्त्राची प्रस्तावना

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असलेली माणसे महाराष्ट्रात घरोघर सापडतात. प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली ती तारीख. खरी तिथी आईला आठवत असे ती ‘मोठा पाऊस झाला त्या साली, पोळ्याच्या आसपास’ एवढीच. अशा माणसाची जन्मपत्रिका मांडायची कशी? या अडचणीवर ज्योतिषात जुना तोडगा आहे. जन्मवेळेचा नाद सोडायचा आणि माणसाने ज्या घटकेला प्रश्न विचारला त्या घटकेचे लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, काढून कुंडली मांडायची. ही प्रश्नकुंडली, आणि तिच्या वाचनाचे नियम म्हणजे प्रश्नशास्त्र.

ज्याला जन्मवेळ ठाऊक नाही त्याच्यापुरतीच ही सोय आहे, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. ज्यांची पत्रिका चोख मांडलेली असते तेही प्रश्न घेऊन येतात, कारण जन्मपत्रिका आयुष्याच्या दशा सांगते आणि माणसाला विचारायचे असते ते येत्या शुक्रवारबद्दल. हातातली नोकरी सोडून ही नवी धरू का? सदनिकेचा व्यवहार दिवाळीच्या आत होईल का? भांडून गेलेला भाऊ परत येईल का, आणि कधी? प्रश्न मनात घोळून ज्या क्षणी तोंडावाटे बाहेर पडतो, तो क्षण त्या प्रश्नाचा जन्म मानायचा, हे या शास्त्राचे मूळ गृहीत. बाकी सगळे नियम त्यावर उभे आहेत.

नवा अभ्यासक इथे मुहूर्त आणि प्रश्न यांची गल्लत करतो. निर्णय झालेला असतो आणि त्यासाठी चांगली वेळ शोधायची असते, तेव्हा मुहूर्त पाहतात. प्रश्नात निर्णयच व्हायचा असतो. लग्न ठरल्यावर तारीख काढणे हे मुहूर्ताचे काम. हे स्थळ जुळेल का आणि बोलणी कधी पुढे सरकतील, हे प्रश्नाचे. एकात वेळ आपण निवडतो, दुसऱ्यात ती आपल्याला सांगितली जाते. कोकणात आणि गोव्यात देवळात कौल लावतात, मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडे पडते की डावीकडे ते पाहतात, त्यामागची गरजही अशीच आहे. फरक इतकाच की कौलाला गणित लागत नाही.

ग्रंथपरंपरा मोठी आहे, पण तिचे टप्पे थोडे. सहाव्या शतकातील वराहमिहिराचा मुलगा पृथुयशस् याने ‘षट्पंचाशिका’ लिहिली. दहाव्या शतकात भटोत्पलाने तिच्यावर टीका केली आणि स्वतःही आर्यावृत्तात प्रश्नावर लिहिले. पुढे १५८७ मध्ये नीलकंठाची ‘ताजिकनीलकंठी’ आली. हे घराणे मूळचे विदर्भातले, नंतर काशीला गेलेले. ‘मुहूर्तचिंतामणी’ लिहिणारा राम दैवज्ञ हा नीलकंठाचा धाकटा भाऊ. म्हणजे मुहूर्तावरचा आणि प्रश्नाचाही विचार करणारा असे दोन गाजलेले ग्रंथ एका घरातून आले. १६४९ मध्ये केरळात ‘प्रश्नमार्ग’ सिद्ध झाला. त्यात ग्रहांइतकेच लक्ष माणसाकडे आहे: प्रश्न आणणारा दूत कसा बोलतो, कुठल्या अंगाला हात लावतो, दैवज्ञाचा श्वास कोणत्या नाकपुडीतून चालला आहे. केरळातल्या देवळांत आजही देवप्रश्न मांडतात, तो याच परंपरेतला. योगायोगाची गोष्ट अशी की त्याच्या दोनच वर्षे आधी, १६४७ मध्ये, लंडनमध्ये विल्यम लिली याने प्रश्नज्योतिषावरचा आपला जाडजूड ग्रंथ छापला होता.

हा योगायोग तितकासा वरवरचा नाही. नीलकंठाच्या ग्रंथातले इत्थशाल, ईसराफ, कंबूल हे योग अरबी-फारसी परंपरेतून आले आहेत, आणि लिलीची पद्धतही अरबी ज्योतिषाच्याच वाटेने युरोपात पोचली होती. त्याआधी होरा, केंद्र, पणफर ही ग्रीक देणी आपल्याकडे आली होतीच. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिताना आपल्या ज्योतिषातली ही देवघेव मोकळेपणाने मांडली. ‘वैदिक’ हे बिरुद या शास्त्राला अलीकडे चिकटले आहे. वेदांगज्योतिषात राशी नाहीत, लग्नही नाही. परंपरेचा आदर करायचा तर तिचा खरा इतिहास माहीत हवा.

आता मुख्य विषय, काळ. ‘होईल का’ याचे उत्तर देण्याचे नियम सोपे आहेत. चर लग्न असेल तर स्थिती बदलते, स्थिर असेल तर आहे तशी राहते, द्विस्वभाव असेल तर संमिश्र. लग्नेश हा विचारणारा आणि ज्या भावाचा प्रश्न त्याचा स्वामी कार्येश. दोघांत दृष्टी असून शीघ्रगती ग्रह मंदगती ग्रहाच्या मागे, दीप्तांशांच्या, म्हणजे ग्रहाचे तेज पोचते तेवढ्या अंशांच्या, आत असेल, तर इत्थशाल होतो आणि काम जमते. शीघ्रगती ग्रह पुढे निघून गेला असेल तर ईसराफ. संधी येऊन गेली. दोघांत दृष्टी नाही, पण तिसरा शीघ्रगती ग्रह एकाचे तेज दुसऱ्याकडे नेतो, तेव्हा नक्त योग. जागेच्या व्यवहारात दलाल जे करतो तेच इथे हा तिसरा ग्रह करतो.

खरी परीक्षा ‘कधी’ला. चंद्र १० अंशांवर आणि गुरू १४ अंशांवर आहे असे धरा. चंद्राचे दीप्तांश १२, गुरूचे ९, मध्यम साडेदहा. अंतर चारच अंशांचे, म्हणून इत्थशाल पक्का. अनेक ज्योतिषी अंशाला एक दिवस धरून चार दिवस सांगतील. आकाशात मात्र चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश चालतो, तेव्हा हे अंतर तो सात-आठ तासांत तोडतो. मग दिवस का धरायचा, तास किंवा महिना का नाही? राशी चर की स्थिर, ग्रह केंद्रात की इतरत्र, यावरून ठरवा, असे ग्रंथ सांगतात, पण प्रत्येकाचे प्रमाण निराळे.

दुसरी रीत बृहज्जातकातल्या ग्रहकालांची. सूर्याला अयन, चंद्राला क्षण म्हणजे मुहूर्त, मंगळाला दिवस, बुधाला ऋतू, गुरूला महिना, शुक्राला पक्ष, शनीला वर्ष. लग्नात जो नवांश (राशीचा नववा भाग) उदित असेल त्याच्या स्वामीचे हे माप घ्यायचे आणि नवांशाच्या क्रमांकाने गुणायचे. प्रश्न घराच्या व्यवहाराचा असून मेष लग्नाचे साडेसात अंश उदित असतील तर तिसरा नवांश, मिथुनेचा, स्वामी बुध, तीन ऋतू, म्हणजे सहा महिने. विचारणाऱ्याने चहा संपवून पाव तासाने विचारले असते, तर लग्न साडेअकरा अंशांच्या आसपास गेले असते. चौथा नवांश, कर्केचा, स्वामी चंद्र, चार मुहूर्त, म्हणजे सव्वातीन तासांहून थोडे कमी. नियम तोच, माणूस तोच, घर तेच, आणि उत्तर सहा महिन्यांवरून दुपारच्या जेवणापर्यंत खाली आले.

जुन्या दैवज्ञांना हे दिसत नव्हते असे नाही. म्हणूनच ते देश, काल, पात्र पाहायला सांगतात. घराचे खरेदीखत तीन तासांत होत नाही, हे ज्याला कळते त्यानेच कुंडली वाचावी. इथे अनुभव आणि व्यवहारज्ञान आत येतात, आणि गणिताचे किती, अनुभवाचे किती हे वेगळे काढणे फार अवघड होऊन बसते. माझ्या मते या शास्त्राचा सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे, आणि अभ्यासाला सगळ्यात मोठा वावही इथेच.

विसाव्या शतकात के. एस. कृष्णमूर्ती यांनी हा दुवा पक्का करण्याचा प्रयत्न केला. त्यांनी प्रत्येक नक्षत्राचे विंशोत्तरी दशेच्या प्रमाणात नऊ भाग पाडले. २७ नक्षत्रांचे २४३ भाग होतात. त्यांतले सहा राशीच्या सीमेवर दुभंगतात, म्हणून एकूण २४९. विचारणाऱ्याने १ ते २४९ मधला एक अंक सांगायचा, त्यावरून लग्न ठरते. घड्याळाचा वाद मिटतो. काळासाठी त्या क्षणाचे रुलिंग प्लॅनेट्स, म्हणजे त्या क्षणावर अंमल असलेले ग्रह, पाहायचे. ही पद्धत महाराष्ट्रात झपाट्याने रुजली. तिची शिस्त मला आवडते, पण विभाग बारीक केले म्हणून भाकीत खरे ठरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमुळे तर नवाच पेच आला आहे. न्यू जर्सीतून मध्यरात्री पाठवलेला प्रश्न पुण्यात सकाळी वाचला गेला, तर लग्न कुठले धरायचे? बहुतेक जण दैवज्ञाला प्रश्न कळला ती वेळ आणि त्याचे ठिकाण धरतात. तोही एक संकेतच.

भाकितांचे खरेखोटे तपासण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा एकूण २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्यांतल्या ४० प्रत्येक ज्योतिषाला दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. बरोबर निघाली ती सरासरी ४६ टक्के. नाणे उडवूनही निम्मी बरोबर येतात. ही चाचणी जन्मपत्रिकेची होती, प्रश्नकुंडलीची नव्हती, हे खरे. पण त्या आडोशाला उभे राहून प्रश्नशास्त्र सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. ग्रह आपला निर्णय ठरवतात असा पुरावा नाही, आणि तसा दावा मीही करत नाही.

मग या वाटेला यावे कशाला? एक तर सुमारे दीड हजार वर्षांची, तीन संस्कृतींचे गणित पोटात घेतलेली ही ज्ञानपरंपरा वाचण्याजोगी आहे. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. या शास्त्रात प्रश्न एकच हवा, खऱ्या निकडीचा हवा, आणि मनासारखे उत्तर आले नाही म्हणून तोच पुन्हा विचारायचा नसतो. ‘माझं काही खरं आहे का’ असे म्हणणाऱ्याला चांगला दैवज्ञ थांबवतो आणि नेमके काय विचारायचे आहे ते बोलायला लावतो. नोकरीबद्दल विचारायला आलेल्याला खरे तर गाव सोडायची भीती वाटत असते, हे पुष्कळदा कुंडली मांडण्याआधीच बाहेर येते. निर्णयाचे अर्धे काम तिथे झालेले असते.

तेव्हा नव्या अभ्यासकाला विनंती अशी की एक वही ठेवावी. फलिताला हात लावण्याआधी प्रश्न त्याच शब्दांत, वेळ, ठिकाण आणि आपण सांगितलेली मुदत लिहून ठेवावी. मुदत उलटल्यावर काय झाले तेही लिहावे, आणि चुकलेली पाने फाडू नयेत. आजाराचा प्रश्न आला तर कुंडली मिटून डॉक्टरकडे पाठवावे. वाचनाची सुरुवात ‘प्रश्नमार्गा’पासून करू नये, त्यात माणूस हरवतो. आधी ‘षट्पंचाशिका’ घ्यावी. तिचे श्लोक ५६च आहेत.